अर्धा इंच सैल

तर झालं असं, की माझ्या खांद्यातली गाठ डॉक्टरने नाही, टेलरने पकडली.

२०२४ चा नोव्हेंबर. मावसभावाचं लग्न तोंडावर आलेलं आणि बायकोने फर्मान काढलेलं, "या वेळी ते रेडिमेड पोतं घालायचं नाही. नीट जाकीट शिवून घे." म्हणून एका शनिवारी आमच्या नेहमीच्या टेलरकाकांकडे गेलो. कोथरूडमधल्या एका गल्लीत, जिन्याखाली, एक मशीन आणि दीड माणूस मावेल एवढं त्यांचं दुकान. काकांनी छाती मोजली, कंबर मोजली (कंबरेच्या आकड्याला ते कधीच काही बोलत नाहीत, नुसते माझ्याकडे एकदा बघतात), आणि मग मुंढ्याचं माप घेताना थबकले. उजवीकडे टेप लावला. परत डावीकडे लावला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,

"साहेब, इथे काही लागलं होतं का?"

"नाही हो काका. चरबीची गाठ आहे ती. जुनीच आहे."

"असं होय. मग डावा मुंढा अर्धा इंच सैल ठेवतो." आणि त्यांनी वहीत तसं लिहून टाकलं.

बस्स. एवढंच. मी घरी आलो, जेवलो, झोपलो. पण रात्री अडीचला जाग आली आणि तो अर्धा इंच डोक्यातून जाईना. जुनी आहे हे खरं, पण जुनी म्हणजे किती जुनी? आणि अर्धा इंच म्हणजे नक्की किती मोठी?

आता थोडं मागे जायला हवं. गाठ या प्रकाराशी माझी ओळख बालपणापासूनची आहे. आमचे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आम्ही कराडला राहायचो. रविवारी सकाळी बाबा बनियनवर पाटावर बसून अंगाला खोबरेल तेल चोळायचे, आणि मी त्यांच्या हातांशी खेळायचो. त्यांच्या दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, कातडीखाली गोट्या होत्या. डाव्या हाताला सात, उजव्याला पाच. बोटाने दाबलं की टुणकन बाजूला सटकायच्या. दुखायच्या नाहीत, काही नाही. मी विचारायचो, "बाबा, ह्या काय आहेत?" आणि बाबा अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "लहानपणी गल्लीत जिंकलेल्या गोट्या आहेत. हरवू नयेत म्हणून इथे ठेवल्यात."

बरीच वर्षं माझा यावर पूर्ण विश्वास होता. :-)

पुढे कळलं की त्यांना लायपोमा म्हणतात. चरबीच्या पेशींची, पातळ पिशवीत बांधलेली, निरुपद्रवी गाठ. मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त आढळणारी सॉफ्ट टिश्यूची गाठ हीच. काही घराण्यांत त्या पिढ्यान्‌पिढ्या, एकेकाला डझनावारी येतात. म्हणजे कुणाला वडलांकडून शेत मिळतं, कुणाला दुकान मिळतं, आम्हाला गोट्या मिळणार होत्या. त्यामुळे जेव्हा आंघोळ करताना डाव्या खांद्याच्या मागच्या बाजूला काहीतरी फुगीर हाताला लागलं, तेव्हा मी घाबरलो वगैरे अजिबात नाही. उलट जरा गंमतच वाटली. आली एकदाची बाबांची पहिली गोटी!

सर्दीसाठी म्हणून एका दवाखान्यात गेलो होतो तेव्हा जाता जाता तिथल्या डॉक्टरांना दाखवलीसुद्धा. त्यांनी शर्टावरूनच दोन बोटं लावली आणि म्हणाले, "दुखते का? नाही ना? मग सोडा, चरबी आहे." मलाही तेच ऐकायचं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट झाला, 'लो प्रायॉरिटी' म्हणून शिक्का बसला आणि बॅकलॉगमध्ये तळाला गेला. बॅकलॉगमध्ये तळाला गेलेल्या गोष्टींचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर त्या रात्री अडीच वाजता मी उठलो, लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि बाथरूमच्या आरशासमोर उलटा उभा राहून मोजायचा प्रयत्न करायला लागलो. आपल्याच खांद्याची मागची बाजू आपल्याला मोजता येत नाही, हे एक नवीन ज्ञान त्या रात्री मिळालं. आवाजाने बायको उठली. पट्टी, आरसा, उघडा नवरा असं दृश्य बघून तिने एकच प्रश्न विचारला, "केव्हापासून आहे?"

"दोनेक वर्षं."

"आणि मला आत्ता कळतंय. टेलरला आधी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने पट्टी हातातून घेतली आणि मोजलं. सहा सेंटिमीटर.

मग अर्थातच मी गूगल केलं. (करू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि सगळे करतात.) पंधरा मिनिटांत 'लायपोमा'वरून 'सार्कोमा'वर पोचलो. सार्कोमा म्हणजे याच सॉफ्ट टिश्यूचा कॅन्सर. सकाळी सहा वाजता मी मनातल्या मनात होम लोन किती उरलंय याचा हिशोब करत होतो.

सोमवारी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शर्ट काढायला लावला, नीट पाहिलं आणि शांतपणे एका सर्जनचं नाव लिहून दिलं. चिठ्ठीवरचं नाव वाचलं, खाली लिहिलेलं खातं वाचलं, त्यात 'ऑन्कॉलॉजी' हा शब्द होता. "घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. माझा अनुभव असा आहे की डॉक्टर 'घाबरू नका' म्हणाले की तोपर्यंत न घाबरलेला माणूससुद्धा घाबरतो.

त्या वेटिंग रूमबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगतो, की तिथे बसलेल्या लोकांपुढे आपण आपल्या खांद्याच्या गाठीची काळजी करतोय याची मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही काळजी काही कमी झाली नाही.

सर्जनबाई साधारण माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आधी बोटांनी गाठ हलवून पाहिली. मग म्हणाल्या, "आता हात बाजूला उचला, मी दाबतेय त्याच्या विरुद्ध जोर लावा." मी जोर लावला. "सैल सोडा. परत लावा." दोन-तीनदा असं केल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "वडलांच्या गाठी बोटाने सटकतात, बरोबर? तुमची सटकते का?"

मी कधी करूनच पाहिलं नव्हतं! इतकी वर्षं बाबांच्या गोट्या सरकवल्या, पण स्वतःची नाही.

त्यांनी जे समजावलं ते इथे लिहून ठेवतो, कारण तेवढ्यासाठीच खरं तर आजची पोस्ट आहे. बाबांच्या गाठी कातडीच्या लगेच खाली, चरबीच्या थरात. म्हणून मोकळ्या, सरकणाऱ्या. माझी मात्र खोल, डेल्टॉइड स्नायूच्या आत. (डेल्टॉइड म्हणजे खांद्याला गोलाई देणारा तो मोठा स्नायू, जिमवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात.) स्नायू आवळला की ती घट्ट धरली जात होती, सैल सोडला की थोडी हलत होती. त्यावरून त्यांना खोली कळली. ही परीक्षा करायला एक पैसाही लागला नाही हे विशेष.

"गाठ साधी असण्याचीच शक्यता जास्त आहे," त्या म्हणाल्या. "सॉफ्ट टिश्यूच्या साध्या गाठी शंभर असतील तर कॅन्सरची एखादी. पण ती एखादी कुठली, हे ओळखायला आम्ही काही प्रश्न विचारतो. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का? खोल आहे का? वाढतेय का? आणि आधी काढलेली परत आलीय का?"

"दुखतेय का, हा प्रश्न नाही?"

"दुखत असेल तर बघायलाच हवं. पण दुखत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही. सार्कोमा बहुतेक वेळा दुखत नाही. लोक तिथेच फसतात."

मी ते वाक्य ऐकलं आणि मला ती शर्टावरून लावलेली दोन बोटं आठवली. खरं सांगायचं तर त्या डॉक्टरांवर राग काढणं सोपं आहे. पण त्यानंतर दोन वर्षं रोज आंघोळ मीच करत होतो ना.

"मोठी आहे, खोल आहे. वाढतेय का?"

इथे मात्र गाडी अडली. मला माहीतच नव्हतं. रोज बघतो ती गोष्ट वाढतेय का हे आपल्याला कधीच कळत नाही. (वजनाचंही तेच, असो.) बायको म्हणाली, "टेलर!"

संध्याकाळी टेलरकाकांकडे गेलो. त्यांच्याकडे गिऱ्हाइकांच्या मापांच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या आहेत, वर्षावार लावलेल्या. त्यांनी २०२२ ची काढली. फेब्रुवारीत मेव्हण्याच्या लग्नासाठी मी त्यांच्याकडून कुर्ता शिवून घेतला होता. दोन्ही मुंढे सारखे. शेजारी २०२४ ची वही ठेवली. डाव्यापुढे अर्धा इंच जास्त.

आम्ही ऑफिसात व्हर्जन कंट्रोलवर मोठमोठी प्रेझेंटेशनं देतो. इथे जिन्याखाली एक माणूस पेन्सिलीने डिफ ठेवून बसला होता. मी त्या दोन पानांचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "उत्तम रेकॉर्ड आहे. एमआरआय करून घ्या."

एमआरआयची तारीख मिळेपर्यंत चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी हात आणि खांद्याच्या गाठींबद्दल एवढं वाचलं की बायकोने इंटरनेट बंद करायची धमकी दिली. पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली. आपण मराठीत सरसकट 'गाठ' म्हणतो, पण या एका शब्दात केवढं गाव राहतं बघा.

मनगटाच्या मागे टणक फुगा येतो तो गँगलियन. तो खरं तर ट्यूमरच नाही, सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवाची पिशवी आहे. हाच गँगलियन खांद्याच्या फऱ्याच्या खाचेत झाला तर वरून काही दिसत नाही, पण तिथून जाणारी नस दाबून हात बाहेर फिरवायची ताकद कमी करतो. नसेच्या आवरणाची गाठ म्हणजे श्वानोमा. ती आडवी हलते पण नसेच्या दिशेने उभी हलत नाही, आणि टिचकी मारली तर मुंग्या पार बोटांपर्यंत जातात. नखाखाली होणारा ग्लोमस ट्यूमर काही मिलिमीटरचा असतो, पण थंड पाण्यात बोट बुडवलं की माणूस ओरडतो. फऱ्याच्या खालच्या टोकापाशी, बरगड्यांना लागून इलास्टोफायब्रोमा नावाची एक गाठ होते, बहुतेक उतारवयात, आणि हात हलवला की काही जणांना तिथे खटका जाणवतो. आणि लायपोमासुद्धा नेहमी गरीब गाय असेलच असं नाही. कोपराच्या खाली, रेडियस हाडाच्या डोक्याजवळ झाला तर तिथून जाणारी नस दाबली जाते आणि बोटं सरळ करता येईनाशी होतात. म्हणजे गाठ साधी, पण जागा वाकडी. प्रोग्रॅमिंगमध्येही असंच असतं. बग किती मोठा यापेक्षा तो कुठल्या फाइलमध्ये आहे याला महत्त्व.

आणि हो, 'ट्यूमर' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ नुसता 'सूज' असा आहे. आपल्याकडे तो शब्द उच्चारला की बायका तोंडाला पदर लावतात.

एमआरआय झाला. त्या नळीत खटखट आवाज ऐकत पडलो होतो. दोन दिवसांनी रिपोर्ट हातात आला. चरबीची गंमत अशी की एमआरआयमध्ये ती लपत नाही. एका प्रकारच्या चित्रात ती पांढरीशुभ्र दिसते, आणि मग चरबीचा सिग्नल मुद्दाम दाबून चित्र काढलं की तीच काळी होते. कातडीखालची चरबी जशी वागते तशीच गाठ पूर्णपणे वागली, तर तो साधा लायपोमा. माझी गाठ जवळजवळ सगळी तशीच वागत होती. 'जवळजवळ'. आत काही पडदे होते आणि त्यातले एक-दोन दोन मिलिमीटरपेक्षा जाड होते. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती. तिचा मराठीत अर्थ असा, की स्नायूतला लायपोमा वाटतो, पण अटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर नाही असं खात्रीने सांगता येत नाही.

मी आयुष्यात हजारो एरर मेसेज वाचलेत. इतका वेळ कुठल्याच ओळीकडे बघत बसलो नसेन.

डॉक्टरांनी समजावलं. हा अटिपिकल प्रकार म्हणजे साधा लायपोमा आणि कॅन्सर यांच्या सीमेवरचा रहिवासी. हातापायात झाला तर तो सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण काढला तरी त्याच जागी परत येऊ शकतो, आणि क्वचित पुढे त्याचं रूप बदलून खरोखर धोकादायक होऊ शकतो. सूक्ष्मदर्शकाखालीही कधीकधी दोघे सारखे दिसतात. मग निवाडा करायचा कसा? तर जनुकावरून. अटिपिकलमध्ये एमडीएम-टू नावाच्या जनुकाच्या भरमसाट प्रती झालेल्या असतात. पेशींमध्ये चमकणारे टॅग सोडायचे आणि ठिपके मोजायचे. या टेस्टचं नाव फिश! साध्या लायपोमात बऱ्याचदा वेगळंच जनुक, एचएमजीए-टू, आपल्या जागेवरून हललेलं असतं. आणि ही दोन्ही जनुकं बाराव्या गुणसूत्राच्या एकाच भुजेवर, जवळजवळ शेजारी राहतात. एका घरात बिघाड झाला तर नुसती गोटी, शेजारच्या घरात झाला तर ऑन्कॉलॉजीचा बोर्ड.

मी विचारलं, "सरळ कापून काढून टाकली तर? उगाच सुया कशाला?" त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, साधी गाठ समजून घाईने कापली आणि नंतर ती सार्कोमा निघाली, अशी माणसं त्यांच्याकडे येतात. मग तोवर आजूबाजूच्या भागात त्या पेशी सांडलेल्या असतात, आणि परत पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं. म्हणून आधी तुकडा, मग निकाल, मग चाकू. सुई टोचतानाही ती अशी टोचली, की पुढे ऑपरेशनची चीर त्याच रेषेत येईल आणि सुईचा मार्गही त्याबरोबर काढता येईल. आधी डिझाइन मग कोड, असं आम्ही फक्त म्हणतो.

निकालाला दोन आठवडे लागणार होते. तोपर्यंत मी आई-बाबांना काहीही सांगितलं नव्हतं. पण आईला फोनवरच्या आवाजावरून सगळं कळतं. तिसऱ्या दिवशी तिने पाच मिनिटांत माझ्याकडून काढून घेतलं आणि फोन बाबांकडे दिला. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.

मग बाबा म्हणाले, "माझ्यामुळे झालं म्हणायचं."

"तसं नाही हो बाबा. ही वेगळी आहे."

"वेगळी असू दे. तू दाखवली नाहीस, ते माझ्यामुळे. मी हसण्यावारी नेलं ना आयुष्यभर. गोट्या म्हणून सांगितलं."

मंडळी, आपल्या वडलांना आपण काय उत्तर द्यायचं असतं अशा वेळी? मी म्हणालो, "बाबा, तुम्ही काय पाच वर्षांच्या पोराला पॅथॉलॉजी शिकवणार होतात का?" ते हसले नाहीत. "रिपोर्ट आला की आधी मला फोन कर. आईला नाही. मला," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते दोन आठवडे मी ऑफिसात अतिशय कार्यक्षम होतो. कुणालाही शंका आली नाही. एका रिलीजचं कौतुकसुद्धा झालं! फक्त एक व्हायचं. रात्री लेकीला झोपवताना ती सवयीने माझ्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवायची, आणि मी हळूच तिला उजव्या बाजूला घ्यायचो. गाठ काही संसर्गजन्य नसते. मला माहीत होतं. तरी घ्यायचो.

बुधवारी दुपारी, स्टँडअप चालू असताना, मेल आली. दोन ओळी. पेशी साध्या. एमडीएम-टूच्या वाढीव प्रती नाहीत.

मी कॉल म्यूट केला आणि कराडला फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणालो, "गोटीच आहे बाबा. मोठी आहे, पण गोटीच." ते म्हणाले, "बरं." मग फोन आईकडे गेला, आणि मागे नळ सोडल्याचा आवाज आला. बाबा तोंड धूत होते.

पुढचं पटकन सांगतो. गाठ साधी असली तरी वाढत होती आणि मोठी होती, म्हणून काढायचं ठरलं. कातडीखालचा छोटा लायपोमा तिथल्या तिथे इंजेक्शनने बधिर करून काढता येतो, माणूस चालत घरी जातो. माझ्याकरता मात्र पूर्ण भूल लागली, कारण डेल्टॉइडच्या खालून अ‍ॅक्सिलरी नावाची नस दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते. तिला धक्का लागला तर हात बाजूला उचलणं अवघड. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी आधी हात थोडा उचलायला सांगितला, आणि मग दंडाच्या बाहेरच्या बाजूला, पोलिसांच्या बाहीवर बिल्ला असतो ना तिथे, कापूस फिरवून विचारलं, "कळतंय?" कळत होतं. त्या नसेचा कातडीवरचा पत्ता तो आहे म्हणे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी पिंग.

गाठ पूर्ण, पिशवीसकट निघाली. पूर्ण गाठीचा रिपोर्टही साधाच आला. मला तिचा फोटो दाखवला. पिवळीधम्मक, चकचकीत. जेवढी भीती घातली त्या मानाने अगदीच सामान्य दिसत होती.

टाके निघाल्यावर आई-बाबा आठवडाभर येऊन राहिले. रविवारी सकाळी बाबा नेहमीसारखे बनियनवर बसले, तेलाची बाटली घेतली, आणि मी टेलरकाकांच्या मोजायच्या टेपसारखी एक टेप आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

"हे काय?"

"हात पुढे करा."

आम्ही प्रत्येक गोटी मोजली. हात, जागा, लांबी, रुंदी, सरकते का, दुखते का, तारीख. डाव्या हाताच्या सातच्या आता नऊ झाल्यात. सगळ्या दोन सेंटिमीटरच्या आतल्या, सगळ्या मोकळ्या. बाबा विचारत होते, "वजन कमी केलं तर जातील का रे?" सुश्रुतसंहितेत मेदोज ग्रंथी म्हणून वर्णन आहे, त्यात असं म्हटलंय की शरीर वाढलं की ती वाढते आणि शरीर घटलं की घटते. निरीक्षण सुंदर आहे, पण आजचं वैद्यक सांगतं की लायपोमा उपास करून वितळत नाही. माणूस वाळला तर तो उलट जास्त उठून दिसतो. बाबांना हे ऐकून बरं वाटलं. पथ्याचा एक विषय कायमचा मिटला.

"मग काढायच्या का ह्या?"

"कशाला? मोजत राहायच्या. दर सहा महिन्यांनी. एखादी वाढली, घट्ट झाली, दुखायला लागली, तर मात्र लगेच दाखवायची."

एवढ्यात लेक येऊन बाबांच्या मांडीवर बसली आणि बोटाने एक गोटी सरकवून म्हणाली, "आजोबा, ह्या काय आहेत?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"ह्या ना," बाबा म्हणाले, "लहानपणी जिंकलेल्या गोट्या. पण तुझ्या अंगावर कुठे अशी आली, तर आधी मला दाखवायची. मोजून ठेवायची असते. खेळाचा नियम आहे तसा."

असो. तर मंडळी, आज रविवार आहे. आंघोळीला जाल तेव्हा खांदे, दंड, पाठ यांच्यावरून एकदा नीट हात फिरवा. काही लागलं तर बहुधा ते काहीच नसेल. तरी मोजा, तारीख लिहून ठेवा, आणि घरच्या माणसाला टेलरच्या आधी सांगा. पाच सेंटिमीटरच्या वर असेल, खोल असेल, वाढत असेल, काढलेली परत आली असेल, तर शर्ट काढायला लावणारा डॉक्टर गाठा.

परवा परत टेलरकाकांकडे गेलो होतो, ते जाकीट घेऊन. डावीकडे आता ते ढगळ होतं. काकांनी टेप लावला, वही उघडली, अर्धा इंच खोडला, आणि काहीही न विचारता पुढे तारीख टाकली.